दिलगिरीला खिडकी नाही

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे सरळ्या म्हणतात. आईने पाडलेलं नाव. लहानपणी घरी पाहुणे आले की दाराबाहेर सुटलेल्या त्यांच्या चपलांच्या हा जोड्या लावून ठेवायचा. भिंतीवरचं कॅलेंडर कललेलं दिसलं की खुर्ची ओढायचा. एकदा शाळेत तपासणीला साहेब आले होते. त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं. सगळा वर्ग ते बघून तोंड दाबून बसला होता. हा मात्र उठला, साहेबांपर्यंत गेला आणि बटण काढून नीट लावून परत जागेवर येऊन बसला. बाईंना घाम फुटला. साहेब हसले म्हणून निभावलं. आई म्हणायची, "ह्याचा हात डोक्याला विचारायला थांबत नाही."

असा माणूस पुढे चष्म्याच्या कामाला लागला यात नवल ते काय. शेजारच्या देशात एका म्हाताऱ्या मालकाचं दुकान आहे, तिथे तो कित्येक वर्षं आहे. पुढे काउंटरवर दोघी मुली गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवतात आणि मागच्या खोलीत हा बसतो. काच घासायचं यंत्र, बारीक स्क्रूंच्या डब्या, गरम हवा सोडणारा एक छोटा पंखा. तयार झालेला चष्मा तो टेबलावर उपडा ठेवतो. डुगडुगला, की काडी गरम करून अंगठ्याने हलकीच वाकवतो. मला एकदा म्हणाला, "ताई, दोन्ही कान एका उंचीवर असलेला माणूस मी अजून पाहिला नाही. चष्मा सरळ दिसायला हवा असेल तर तो ज्याच्या त्याच्या मापाने थोडा वाकडाच करावा लागतो." हे सांगताना तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, कानांकडे बघत होता. त्यानंतर किती तरी दिवस मी आरशासमोर उभी राहिले की माझं लक्ष कानांकडेच जायचं.

तिकडे बाहेरच्या माणसाला कामाचा व्हिसा देतात तो काही वर्षांपुरता. संपत आला की वाढवून घ्यायचा. पण तो त्या देशात बसून वाढवून मिळत नाही. बाहेर पडायचं, दुसऱ्या देशातल्या त्यांच्या वकिलातीत जाऊन अर्ज द्यायचा, मुलाखत द्यायची, पासपोर्टात नवा व्हिसा चिकटवून घ्यायचा आणि मग परत आत जायचं. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळलं नव्हतं, आणि आता कळलं असलं तरी पटलेलं नाही. ज्या घरात आपली भांडीकुंडी आहेत, बायको-लेक आहे, त्या घरातून निघायचं ते कशासाठी, तर त्याच घरात परत येण्याची परवानगी मागायला.

आमच्या शहरात त्यांची वकिलात आहे. त्यामुळे व्हिसा संपत आला की सरळ्या एक पिशवी घेऊन आमच्याकडे येतो, दोन-चार दिवसांत काम करून जातो. मला तेवढाच माहेरचा माणूस भेटतो. आला की चहा व्हायच्या आत तो घरभर फिरून घेतो. पायपुसणं दाराला समांतर करतो, गळक्या नळाची चकती बदलतो, आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या फळीच्या वर, भिंतीला देवाची तसबीर आहे ती सरळ करतो. तिचा खिळा जरा एका अंगाला ठोकला गेलाय, त्यामुळे ती कलते. हा सरळ करतो आणि हा गेला की ती पुन्हा कलते. मला त्याचं काही वाटत नाही. देव काही कललेल्या तसबिरीत कमी असतो असं नाही.

या वेळी मात्र तो आला तेव्हाच जरा काळजीत होता. दुकानाची जागा बदललेली, कागदांवर जुना पत्ता आणि नवा पत्ता असे दोन्ही, मालकाचं वय झालेलं. व्हिसा मिळाला नाही तर त्याला तिकडे परत पाऊल टाकता येणार नव्हतं. इथूनच परस्पर आईवडिलांच्या गावी जायचं. भावजय आणि भाची तिथे त्याच्याच व्हिसावर राहतात. म्हणजे त्यांनाही घर आवरून निघावं लागणार, आणि तेही तो नसताना. घराची एक किल्ली त्याच्या खिशात होती. बोलता बोलता तो ती चाचपून बघत होता.

"चिमणीच्या वेण्या कोण घालतंय मग?" मी विचारलं. भावजय हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात पहाटेच्या पाळीला जाते, त्यामुळे भाचीच्या वेण्या रोज सरळ्या घालतो. भांग असा पाडतो की पट्टी ठेवून आखलाय असं वाटावं.

"शेजारच्या काकू घालतात. काल फोनवर दाखवल्या तिने." तो थांबला. "जाऊ दे."

मुलाखतीच्या सकाळी मी त्याच्याबरोबर गेले. वकिलात एका बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली रखवालदार, आत यंत्रातून जायचं, फोन बाहेर ठेवायचा. सोबतच्या माणसाला वर जाऊ देत नाहीत. समोर फोटो आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या बाहेर बाक आहे, तिथे सगळे सोबतचे बसतात. मीही बसले. जपमाळ पर्समध्ये असते, पण चारचौघांत ती काढायला मला बरं वाटत नाही. बोटांच्या पेरांवर नाव घेत बसले.

बऱ्याच वेळाने तो खाली आला. हातात एक पिवळा कागद. पासपोर्ट नाही.

"झालं?"

"झालं वाटतं."

"वाटतं म्हणजे काय? दिला का नाही दिला?"

"ताई, मला नीट कळलं नाही," तो म्हणाला. इतका गोंधळलेला मी त्याला लग्नाच्या मांडवातसुद्धा पाहिला नव्हता.

फोटोवाल्याने मान लांब केली. त्या बाकावर बसणाऱ्यांचं सगळं भविष्य तोच सांगतो. "पिवळा का? पिवळा म्हणजे थांबा. हिरवा म्हणजे घरपोच येईल. पांढरा म्हणजे गेलं. गुलाबी मी एकदाच पाहिला."

"गुलाबीचं काय होतं?"

"तो माणूस परत इकडे आलाच नाही. आता चांगलं झालं म्हणून आला नाही, का वाईट झालं म्हणून, मला कसं कळणार?"

कागदावर दोन चौकोन होते. एकापुढे छापलं होतं, अधिक कागदपत्रे सादर करावीत. दुसऱ्यापुढे, निर्णयाची प्रतीक्षा करावी. आणि पेनाने केलेली खूण दोन्ही चौकोनांच्या बरोबर मध्ये, रेघेवर पडली होती. मी कागद वर धरून बघितला, खाली धरून बघितला. फोटोवाल्याने त्याचा चष्मा चढवून बघितला. म्हणाला, "जरा वरच्याकडे झुकतीय." त्याच्या शेजारी झेरॉक्स काढायला उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "छे, खालच्याकडे."

घरी आल्यावर चहा घेताना थोडं थोडं बाहेर आलं. आमचे हेही तोवर कामावरून आले होते. हे बसडेपोत असतात, चौकशीच्या खिडकीत. उभा जन्म खिडकीआड बसून काढल्यामुळे, खिडकीच्या आतल्या माणसाचं मन आपल्याला कळतं असा त्यांचा समज आहे.

"मेहुणे, पहिल्यापासून सांगा. आत कोण होतं?"

"एक बाई होत्या. काचेच्या आड. खाली कागद सरकवायला फट."

"काय विचारलं?"

"दुकान कुठे, मालक कोण, पगार किती. मग विचारलं, तुम्ही नक्की काय काम करता. आणि माझा कागद वाचायला त्या वाकल्या. वाकल्या तसा त्यांचा चष्मा खाली पडला."

"बरं. मग?"

"मग काही नाही. मी तो दिला."

"तुमच्याकडे कसा आला तो? काच होती ना मध्ये?"

सरळ्याने कपातली साय बाजूला केली. "फटीपाशी पडला होता. माझा हात गेला."

"आणि लगेच आत सरकवला?"

"लगेच म्हणजे... डावी काडी पार ढिली झाली होती हो, भाऊजी. त्यांना बोलताना तो सारखा वर ढकलावा लागत होता. मी केव्हाचा बघत होतो."

मला शाळेतले साहेब आठवले. "सरळ्या, तू काय केलंस?"

त्याने जे केलं ते पुढच्या दोन दिवसांत हप्त्याहप्त्याने कळलं. पहिल्यांदा म्हणाला, नुसती काडी दाबली. मग म्हणाला, खिशातल्या छोट्या पेचकसाने स्क्रू आवळला. मग, पेचकस तर रखवालदाराने खाली काढून घेतला होता, तेव्हा नखानेच आवळला असणार. मग आठवलं की त्याने चष्मा काउंटरवर उपडा ठेवून डुगडुगतो का ते पाहिलं. शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या. आणि सगळ्यात शेवटी, भाजी निवडता निवडता, खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी त्यांना बहुतेक मान डावीकडे वळवायला सांगितली."

"कशाला?"

"कान बघायला."

एवढा सगळा वेळ ती अधिकारी बाई चष्म्याशिवाय आत बसलेली, आणि तिचा चष्मा बाहेर, अर्जदाराच्या हातात.

"मग ती काय म्हणाली?"

"चष्मा घातल्यावर काहीतरी म्हणाल्या. पण तेव्हा त्यांनी बोलण्याचं बटण दाबलं नव्हतं. काचेतून नुसते ओठ हलले."

"हसून का रागावून?"

"तेच तर कळलं नाही," तो म्हणाला. "मग रखवालदार येऊन मागे उभा राहिला. तो माझ्यासाठी आला का पुढच्या माणसाला बोलवायला, तेही कळलं नाही. आणि पिवळा कागद दिला."

दिवस जायला लागले. वकिलातीचा फोन नाही, काही नाही. अधिक कागद हवेत म्हणावं तर कोणते, आणि नुसतं थांबायचं म्हणावं तर कुठवर? म्हाताऱ्या मालकाचा फोन आला. म्हणाला, तुझं टेबल कोणाला दिलं नाही, पण चष्म्यांचा ढीग पडलाय. महिनाअखेरपर्यंत मी कसंबसं भागवतो, मग मला माणूस बघावा लागेल. भावजयीने काही विचारलं नाही, ती फक्त म्हणाली की घराच्या कराराचंही बघायला हवं. चिमणी रोज संध्याकाळी फोन कॅमेऱ्याकडे करून पाठ फिरवायची आणि वेण्या दाखवायची. एक वर, एक खाली. सरळ्या म्हणायचा, "छान आहेत." आणि फोन ठेवल्यावर दोन्ही हात काखेत घालून बसायचा.

मला खरी भीती कशाने वाटली सांगते. त्याने काहीही सरळ करणं सोडलं. पायपुसणं तिरकं पडलेलं असायचं, तो त्यावरून जायचा. ह्यांनी वर्तमानपत्र कसंही फेकलं तरी बघायचा नाही. सकाळी मी दिवा लावताना तो मागे येऊन उभा राहायचा, हात जोडायचा, समोर तसबीर कललेली, आणि त्याचा हात उठायचा नाही. मी मनात म्हणायची, देवा, ह्याला पुन्हा आमच्या चपला लावू दे.

ह्यांना मात्र कोडं सुटलं होतं. "अगं, घोडं त्या चष्म्यापाशीच अडलंय. आतला माणूस कागदावर रागवत नाही, वागण्यावर रागवतो. माझ्याकडे एखादा काचेवर हात आपटून गेला, की मी त्याची बस कुठल्या फलाटावर लागलीय ते सांगतो, पण सावकाश सांगतो. तोच दुसऱ्या दिवशी येऊन 'काल चुकलं' म्हणाला, तर चहा पाजतो. जाऊन सांगून टाकायचं. मोकळं व्हायचं."

"अहो, त्यांच्या लक्षातही नसेल. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"तुला खिडकीतलं कळत नाही."

सरळ्या दोघांकडे बघत होता. एरवी त्याने मान हलवून नको म्हटलं असतं. त्या दिवशी म्हणाला, "भाऊजी म्हणतात तसं करू. काहीतरी तरी होईल."

वकिलातीची चौकशीची खिडकी खाली रखवालदारापाशीच आहे, त्यामुळे तिघंही आत गेलो. आत एक कारकून बसला होता. हे वाकून खिडकीच्या जाळीला तोंड लावून, डेपोत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "नमस्कार. आम्हाला दिलगिरी व्यक्त करायची होती."

"कशाबद्दल?"

"चष्म्याबद्दल."

"चष्मा आत न्यायला हरकत नाही."

"आमचा नव्हे, तुमच्या वरच्या बाईंचा. आमच्या मेहुण्यांनी तो घेतला."

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. "घेतला?"

"घेतला, पण परत दिला."

मी मागून ह्यांचा शर्ट ओढला. त्यांनी माझा हात झटकला.

"दुरुस्त करून दिला," सरळ्या मध्ये म्हणाला.

"म्हणजे दुरुस्तीचे पैसे हवेत?"

"नाही हो. पैसे कशाला?"

"मग तुमची तक्रार काय आहे?"

"तक्रार नाहीच," हे म्हणाले. "दिलगिरी आहे."

कारकुनाने समोरच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "दिलगिरीला खिडकी नाही इथे," तो म्हणाला, आणि ते तो अगदी सहानुभूतीने म्हणाला. "एक नंबर अर्जाची, दोन नंबर पासपोर्ट परत घ्यायची, तीन नंबर तक्रारीची. हे तीन नंबरलाच टाकावं लागेल. टाकू?"

ह्यांनी क्षणभर विचार केला. "टाका. नोंद झालेली बरी."

बाकापाशी आल्यावर सरळ्याने विचारलं, "भाऊजी, आता ही तक्रार कोणाची आणि कोणावर?"

"तुमची," हे म्हणाले. दोन पावलं गेले आणि थांबले. "किंवा त्यांची, तुमच्यावर. ते बघतील की."

फोटोवाल्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने झेरॉक्सच्या यंत्राचं झाकण लावलं. मग म्हणाला, "तीन नंबरला गेलेलं माणूस मी पाहिलं नाही अजून." ह्यांनी त्या रात्री भात अर्धा टाकला. मी ताट उचललं. बोलून झालेलं मागे जात नाही, आणि ह्यांचा जीव त्याच्यावर आहे म्हणूनच तर ते वाकून त्या जाळीशी बोलले होते.

वकिलातीतून फोन आला तो दोन दिवसांनी. तीन नंबरच्या नोंदीसंदर्भात उद्या सकाळी हजर राहावे. बस्स. व्हिसाचं अवाक्षर नाही. सरळ्याने तो निरोप मला तीनदा सांगितला, दर वेळी तेवढाच.

सकाळी मी दिवा लावला. तो आंघोळ करून येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "कर की सरळ ती. किती दिवस झाले."

त्याने हात उचलला आणि खाली घेतला. "नको. आल्यावर बघू."

पुन्हा तोच बाक. फोटोवाल्याने न मागता चहा दिला. माझी बोटांची पेरं मोजून संपली की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. काय मागावं तेही मला नीट सुचत नव्हतं. व्हिसा मागावा, का नुसती सुटका मागावी? शेवटी म्हटलं, चिमणीचा भांग. तेवढं बघ, बाकी तुझं तू.

तो खाली आला. दोन्ही हात पाठीमागे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून त्याने मला शोधलं आणि रस्ता ओलांडून आला. मग एक हात पुढे केला. हातात पासपोर्ट होता.

"मिळाला?"

"आहे आत. चिकटवलेला आहे."

मी डोळ्यांना पदर लावला. फोटोवाला म्हणाला, "कागद कुठल्या रंगाचा दिला?"

"कागद दिलाच नाही."

"असं कसं?" फोटोवाला नाराज झाला.

"अरे, पण झालं काय?" मी विचारलं. "नीट सांग. आणि या वेळी हप्त्याने सांगू नकोस."

तो बाकावर बसला. "एका खोलीत नेलं. एक मोठे साहेब होते. म्हणाले, आमच्या अधिकाऱ्याविरुद्ध तुमची तक्रार आहे. मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग नोंद कशी? म्हटलं, भाऊजींनी केली. म्हणाले, भाऊजी कोण? म्हटलं, बहिणीचे यजमान, बसडेपोत असतात. म्हणाले, त्यांची तक्रार आहे? म्हटलं, नाही, त्यांची दिलगिरी आहे."

"मग?"

"मग त्यांनी डोळे मिटले जरा वेळ. आणि म्हणाले, तक्रार मागे घेता का? मी म्हटलं, साहेब, मुळात नाहीच ती कशी मागे घेऊ? ते म्हणाले, घ्या. मी घेतली. सही केली. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि पासपोर्ट समोर ठेवला."

"म्हणजे तो तिथेच होता?"

"ड्रॉवरमध्ये."

"कधीपासून? आज झाला का आधीच झाला होता? का तक्रारीमुळे थांबला? का तक्रारीमुळे सुटला?"

"नाही विचारलं."

"अरे, विचारायचं ना."

"ताई, पासपोर्ट हातात आलेला. तू विचारलं असतंस?"

मी खरंच विचार केला. "नसतं," मी म्हटलं.

"आणि त्या बाई? दिसल्या?"

"येताना दिसल्या, खिडकीवर. लांबून."

"चष्मा?"

"दुसराच होता." त्याने सुस्कारा सोडला. "उजवीकडे पार उतरलेला."

"मग?"

"मग काय. दोन्ही हात मागे बांधले आणि जिना उतरलो."

मी हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याने पासपोर्ट उघडला. उघडला आणि त्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं. मला वाटलं तारीख चुकली, नाव चुकलं, देवा, आता काय. मी वाकून बघितलं. नाव बरोबर होतं, फोटो त्याचाच होता, पुढची मुदत होती. फक्त व्हिसाचं ते स्टिकर पानावर तिरकं चिकटवलेलं होतं. थोडंथोडकं नाही. एक कोपरा पानाच्या कडेला टेकलेला, दुसरा शिवणीकडे वर गेलेला. घाईत कोणीतरी थापलेलं.

तो बघत राहिला. त्याचा अंगठा हळूहळू त्या कोपऱ्याकडे सरकला. नख कडेखाली जायला लागलं.

"खबरदार," मी म्हटलं.

तो दचकला. पासपोर्ट मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. आणि माझ्या हातात दिला. "ताई, बस सुटेपर्यंत तुझ्या पर्समध्ये ठेव."

दुपारचीच बस होती. घरी येऊन त्याने पिशवी भरली, तोवर मी डबा केला. ह्यांनी डेपोतून फोन करून फलाट सांगितला, आणि आपल्या नोंदीनेच काम झालं हेही सांगितलं. "मी म्हटलं नव्हतं? सांगून टाकलेलं बरं असतं." सरळ्या "हो, भाऊजी," म्हणाला. मला वाटतं दुसऱ्याच कोणी ऐकलं असावं, पण तेही मी खात्रीने कुठे सांगू शकते? बस सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून पासपोर्ट आत दिला. त्याने तो आतल्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.

संध्याकाळी दिवा लावायला गेले तर तसबीर सरळ. मला वाटलं, सकाळपर्यंत कलेल. कलली नाही. दोन दिवसांनी पुसायला म्हणून हात लावला तेव्हा कळलं, एका कोपऱ्यामागे काहीतरी दडपलेलं आहे. तो पिवळा कागद. बारीक घडी करून खिळ्याच्या बाजूला बसवलेला, बरोबर हवा तेवढ्या जाडीचा. वकिलातीने तो परत मागितला नव्हता, आणि त्यावरची खूण कोणत्या चौकोनाची होती ते कोणी सांगितलंही नाही. मी तो तसाच राहू दिला.

पोचल्याचा फोन त्याआधीच आला होता. सीमेवरच्या माणसाने म्हणे स्टिकर वाचायला आधी पासपोर्ट फिरवला, मग स्वतःची मान तिरकी केली, आणि शिक्का मारला. "शिक्का सरळ आलाय," सरळ्या म्हणाला. एवढं सांगून त्याने फोन चिमणीकडे दिला.

"आत्या, बाबांनी आल्या आल्या माझ्या वेण्या सोडल्या आणि परत घातल्या. शाळेला उशीर झाला."

"भांग नीट आलाय का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला मागचं दिसत नाही."